गादीवर न बसणारा गादीवाला

"बसा ना, रहीमभाई! उभे काहून?" कदीरभाईंनी तिसऱ्यांदा म्हटलं.

रहीमभाई उभेच. समोर भिंतीला लागून नवीकोरी गादी अंथरलेली, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, दोन्ही बाजूंना लोड. कदीरभाईंचा अकोल्यात पत्र्याच्या पेट्या बनवायचा धंदा. घर लहान, पण आज त्यांनी ते दिवाणखान्यासारखं सजवलं होतं. होणारे व्याही चांदूर बाजारहून यायचे होते, कदीरभाईंचा शाकीब आणि त्यांची अनीसा यांच्या निकाहाची तारीख धरायला. त्यातही व्याही पडले जातीचे पिंजारी, तीस वर्षं गाद्या भरणारे. त्यांना जुनीपानी गादी कशी टाकायची? म्हणून कदीरभाईंनी मुद्दाम नवी भरून घेतली होती.

रहीमभाई वाकले. हाताच्या पंजाने त्यांनी गादी एकदा दाबून पाहिली. आता यात त्यांचा काय दोष? न्हावी समोरच्याचे केस आधी बघतो, चांभार चप्पल बघतो, तसा यांचा हात गादीवर आपोआप जातो. पण पुढे त्यांनी जे केलं ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी हात मागे घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आणि दाराजवळ रंग वाळायला ठेवलेल्या एका पेटीवर जाऊन बसले.

"इथंच बरं हाय मले. हवा येते."

शाकीबच्या मामांनी खोकल्यासारखं केलं. रहीमभाईंची बायको हमिदा आतल्या दाराशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. तिला माहीत होतं.

पुढे तर कहरच झाला. तारखेचं बोलणं निघालं आणि रहीमभाई एकदम उठले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "संडास कुठीसा हाय?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं आणि गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा जेवणाचं दस्तरखान पसरलेलं होतं, बिर्याणीचा घमघमाट सुटला होता. रहीमभाईंनी एक घासही तोंडात घातला नाही. "पोट जड हाय," म्हणाले. तारीख न ठरवताच ते एस.टी.त बसले.

दोन दिवसांनी कदीरभाईंचा फोन आला. हमिदाने घेतला.

"भाभी, राग मानू नका, पन आमाले साफ बोलाची आदत हाय. गादीवाल्याले आमची गादी पसंत नाई पडली. दाबून पाह्यली अन् जाऊन पेटीवर बसले. चार मानसात आमची काय इज्जत राह्यली? जेवलेबी नाई. समध्याच्या, व्याह्याच्या घरचं मीठ खाल्लं नाई म्हंजे काय समजाव आमी? मनात नसन तं सरळ सांगा. शाकीबले मी समजावतो."

हमिदाच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण अवघड जागेचं दुखणं, ते नवऱ्याच्या पाठीमागे परक्याला फोनवर कसं सांगणार? ती एवढंच म्हणाली, "भाईजान, थोडा टाइम द्या. अनीसाचे अब्बा सोता येऊन बोलतीन."

बोलली खरी. पण अनीसाच्या अब्बांचं तोंड उघडणं म्हणजे ओली गाठ दातांनी सोडवण्यासारखं होतं.

चार वर्षांपूर्वी रहीमभाईंना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नागपूरला नेलं. तिथे मशीनखाली झोपवून दीड-दोन महिने किरणांचा शेक दिला. अल्लाच्या मेहेरबानीने गाठ गेली, रिपोर्ट चांगले आले. हमिदाने मोहल्ल्यात जिलबी वाटली. सगळे म्हणाले, रहीमभाई मौतीच्या दारातून परत आले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही, आणि ज्याच्यासाठी जिलबी वाटून झाली त्या माणसाने तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

कारण वर्षभराने दुसरंच सुरू झालं. पोटात कळ उठायची आणि उठली की उठली. उठून संडासापर्यंत जायचीही फुरसत द्यायची नाही. कधी पोहोचायचे, कधी नाही. कधी तर कळच नसायची, नुसतंच पजाम्याला लागलेलं कळायचं. मधूनमधून रक्त पडायचं. लहान लेकराचं असं झालं तर लोक हसतात, म्हाताऱ्याचं झालं तर हळहळतात. पण पंचावन्नच्या धडधाकट माणसाचं झालं तर काय करतात? रहीमभाईंना ते बघायचं नव्हतं.

मग त्यांनी एकेक गोष्ट सोडली. पूर्वी कापूस निघाला की धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून ते चांदूर बाजारच्या आसपासची गावं फिरायचे. लोकांच्या अंगणात बसून रुई पिंजायची, जुन्या गाद्या उसवून नव्या करायच्या. ते सोडलं. पिंजायची मशीन घेतली आणि घराला लागून दुकान टाकलं. जुम्म्याची नमाज सोडली. लग्नं सोडली, मयतीला उभ्याउभ्या जाऊन यायचे. आणि गादीवर बसणं सोडलं. ज्याने गादीच्या पोटातली रुई हाताने पिंजलेली असते त्यालाच माहीत, डाग खोळीवर थांबत नाही. खोळ धुता येते, रुई धुता येत नाही. स्वतःच्या घरातही ते फरशीवर प्लास्टिकची चटई टाकून झोपायचे. विचारलं तर म्हणायचे, पाठीसाठी कडक जागा बरी असते.

वर त्या सालांमध्ये धंद्याचंही काही खरं नव्हतं. पेपर उघडला की रोज वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येचीच बातमी. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात पोरीच्या गादीपुरता कापूस ठेवणंही जड जायचं, लोक बाजारातून फोमची गादी उचलायचे. रहीमभाई लोकांना सांगायचे, "फोमवर झोप येते, आराम नाई येत." आणि रात्री स्वतः प्लास्टिकवर पडायचे.

फोनची गोष्ट अनीसाने ऐकली. ती बापाच्याच दुकानात शिलाई मशीनवर खोळी शिवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मशीन थांबवली.

"अब्बा, रुईची मशीन बंद करा जरासाक."

रहीमभाईंनी बंद केली. हवेत उडणारी रुई हळूहळू खाली बसायला लागली.

"तुमी कवापासून गादीवर नाई झोपले?"

"पाठ दुखते ना बेटा. डॉक्टरनं सांगतलं..."

"कोन्या डॉक्टरनं? अब्बा, अम्मी तुमचे पजामे अंधारात धुते. दोरीवर नाई टाकत, मांगच्या कोठ्यात वाळवते. तुमाले वाटते कोनालेच ठाव नाई. घरात समद्याइले ठाव हाय. अख्ख्या चांदूर बाजाराले तुमी गादीवर झोपवता अन् सोता फरशीवर पडून राह्यता. मले काय डोळे नाईत?"

रहीमभाईंनी मान खाली घातली. लेकीने असं काही बोलावं आणि बापाने ऐकावं, याची त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले.

"रगत पडते," ते कसंबसं म्हणाले. "मले वाटते थेच वापस आलं. पन दाखवलं अन् डॉक्टरनं हो म्हन्लं तं? बिमार मानसाच्या घरची पोरगी कोन करते? तुहा निकाह होऊन जाऊ दे, मंग दाखवतो. वादा."

म्हणजे असं होतं सगळं. पोरीचं लग्न मोडू नये म्हणून बाप गप्प, आणि बापाच्या गप्प बसण्यानेच लग्न मोडायला आलेलं.

अनीसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगी हमिदाची होती. ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "अन् निकाहात कुठीसा बसान? पेटीवर? तुमी मरून राह्यले अन् मी हातावर मेहंदी काढू काय? मोडलं तं मोडू द्या लग्न. मी नाई जात कुठी. इथंच खोळी शिवीन."

रहीमभाईंनी पुन्हा मशीन सुरू केली. पण त्या दिवशी त्यांनी एकही गादी पूर्ण केली नाही.

लेकीने शेवटी त्यांना तपासणीला पाठवलंच. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फाईल चाळून त्यांनी विचारलं, "काही त्रास?"

"अल्लाचं शुक्र हाय. सब ठीक."

हेच वाक्य. चार वर्षांत प्रत्येक तपासणीला, प्रत्येक डॉक्टरला रहीमभाईंनी हेच वाक्य दिलं होतं. डॉक्टर तरी बिचारे काय करणार, ते पुढचा कागद उलटायचे. पण यावेळी हमिदा हट्टाने सोबत आत आली होती.

"झूट!" ती मागून म्हणाली. "बाई, एकदम झूट. दिवसातून धा-बारा खेपा जातात. रातचे उठतात. कपडे खराब होतात. रगत पडते. मी धुते ना, मले इचारा."

रहीमभाई छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. पंखा त्याच क्षणी डोक्यावर पडला असता तर त्यांनी आभार मानले असते.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. "इतके दिवस सांगितलं का नाही, काका?"

"बाई मानसाले काय सांगाव..."

"मग पुरुष डॉक्टरांना सांगायचं होतं."

दुर्बिणीने आतून तपासणी ठरली. ती कशी झाली ते रहीमभाईंनी पुढे कुणालाही सांगितलं नाही. तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर परत आलेला नाही. नीट ऐका, नाही. तुम्हाला शेक दिला ना, त्याने गाठ गेली, पण जवळच्या आतड्याचं अस्तरही भाजलं. त्याचा परिणाम कधीकधी वर्षभराने, दोन वर्षांनी दिसतो. ते अस्तर आता पातळ आणि नाजूक झालंय. रक्त तिथूनच येतं."

अस्तर म्हटल्यावर रहीमभाईंना एकदम समजलं. अस्तर विरलं की रुई बाहेर येणारच, तिला किती दोष देणार! ते बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि मग तोंडाला रुमाल लावून ढसाढसा रडले. तीन वर्षं ज्या दुखण्याला ते मौत समजून पोटात घेऊन बसले होते ती मौत नव्हतीच. हमिदा शेजारी बसून राहिली. म्हणाली फक्त एवढंच, "आता रडून घ्या एकदाचे. घरी गेल्यावर पोरगी पाह्यन."

तिथे एक मेल नर्स होते, संघपाल, नांदगाव खंडेश्वरकडचे. सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी रहीमभाईंना त्यांच्याकडे पाठवलं. रोजचं कसं निभवायचं ते शिकवायचं काम त्यांचं.

"हां चाचा, आता सांगा. दिवसातून कितीदा? कळ आल्यावर किती वेळ धरता येते? पातळ होते का घट्ट?"

रहीमभाईंनी मान वळवली.

"मले लाजू नका. तुमी लोकाइले इचारता ना, गादी चार बाय सहा पायजे का तीन बाय सहा? तसंच हाय हे. माप घेतल्याबिगर शिवाव कसं?"

रहीमभाईंना जरा हसू आलं, आणि हसू आलं तिथे जीभ सुटली. सगळं सांगितलं. अकोल्याचंही सांगितलं.

"बाहीर जाच्या दिवशी काय खाता?" संघपालने विचारलं.

यावर रहीमभाईंचा चेहरा जरा खुलला. ही त्यांची स्वतः शोधून काढलेली युक्ती होती. "काईच नाई. आदल्या दिवशीपासून पोट खाली ठेवतो. सकाळपासून फक्त काळा कडक चहा. चार-पाच कप. पोटात काई नसलं तं बाहीर काय येनार?"

संघपालने कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा! चाचा, उपाशी पोटी कडक चहा म्हंजे बिमार बैलाले खिळ्याची तुतारी टोचनं! चहानं आतडं आनखीन पयते, धावते. तुमी वाचाले गेले अन् सोताच्याच हातानं..."

रहीमभाई बघतच राहिले. म्हणजे अकोल्याची ती कळ यांनीच चहा पाजून बोलावली होती! गेल्या तीन वर्षांत जिथे जिथे फजिती झाली, त्या प्रत्येक दिवशी ते असेच उपाशी होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटलं होतं की अजून कडक उपास करायला हवा होता.

संघपालने मग सगळं समजावून दिलं. थोडं थोडं खायचं पण वेळेवर खायचं. तेलकट, तिखट, मटणाचा तर्रीवाला रस्सा बंद. मऊ भात, दही, केळ याने सुरुवात करायची, आणि काय मानवतं काय नाही ते एकेक करून स्वतःच पारखायचं. पातळ होणं थांबवायची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे प्रवासाआधी घ्यायची, मनाने वाढवायची नाही. रक्तासाठी वेगळं औषध. आणि रोज बसल्याबसल्या एक व्यायाम.

"टाका घालतांनी दोरा कसा ओढून धरता? तसं आतून आवळून धरा, अन् सोडा. दुकानात बसल्याबसल्या करा, कोनाले काई दिसत नाई."

"ब्रदर," रहीमभाईंनी शेवटी विचारलं, "पह्यल्यासारखं होईन का?"

"नाई," संघपाल म्हणाले. "खोटं नाई सांगत. पह्यल्यासारखं नाई होनार. पन आज तुमी त्याच्या मांगं पयून राह्यले, मंग ते तुमच्या मांगं राहीन. चालते?"

"चालते," रहीमभाई म्हणाले.

एका रात्रीत काही झालं नाही. ठेचा सोडणं सगळ्यात जड गेलं. चाळीस वर्षं ज्वारीच्या भाकरीवर ठेचा खाणाऱ्या माणसाला हमिदा दहीभात वाढायची तेव्हा ते ताटाकडे सासुरवाशिणीसारखे बघायचे. शेंदूरजनाघाटहून पाहुण्यांनी संत्र्यांची टोपली आणली, त्यातली दोन रहीमभाईंनी हमिदाच्या नजरेआड खाल्ली आणि दोन दिवस भोगलं. एकदा तर दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असतानाच घात झाला. पण त्या दिवशी अनीसा नुसती उठून म्हणाली, "अब्बा, तुमी घरात जा, मी पाहते," आणि गिऱ्हाइकाला खोळीचे रंग दाखवत बसली. रहीमभाई आंघोळ करून परत आले, गिऱ्हाईक अजून रंगच बघत होतं. जगबुडी झाली नव्हती.

दहा-बाराच्या खेपा चारपाचवर आल्या. कळ आली तरी धरता यायला लागली. रक्त कमी झालं. संघपालने पजाम्याच्या आत ठेवायचा पॅड सुचवला होता, तो बाजारातला त्यांना टोचायचा. मग बाप-लेकीने मिळून धुतलेल्या मऊ कपड्याचे, आत रुई भरलेले छोटे छोटे पॅड शिवले. रहीमभाई शिवताना म्हणाले, "इतक्या बारीक मापाची गादी आजवर कोनं सांगतली नव्हती," आणि अनीसा मशीनवर डोकं टेकून हसायला लागली. त्या घरात या विषयावर कुणी हसल्याची ती पहिली वेळ.

मग एक दिवस त्यांनी दहीभात खाल्ला, गोळी घेतली, पिशवीत जादा पजामा टाकला आणि एकटेच अकोल्याच्या एस.टी.त बसले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा लागलेली नसतानाही उतरून संडासला जाऊन आले. हीसुद्धा संघपालची शिकवण, तहान लागायच्या आधी विहीर पाहून ठेवायची.

कदीरभाई अंगणात पेटीला कडी ठोकत होते. रहीमभाईंना बघून त्यांनी हातोडी खाली ठेवली, पण उठले नाहीत.

"या," ते कोरडेपणाने म्हणाले. "पेटी देऊ का बसाले?"

लागलं रहीमभाईंना. पण ते लागायलाच हवं होतं. ते उभ्याउभ्याच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा तोंड मिटलं असतं.

"कदीरभाई, तुमची गादी एक नंबर होती. रुई चांगली, टाके बराबर, कोन्यात गोळे नाई. मी दाबून पाह्यली ते आदत म्हनून. बसलो नाई, कावून का मले भेव होतं का तुमची पांढरी चादर खराब होईन. माह्या हातानं नाई, माह्या पोटानं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅन्सर, शेक, भाजलेलं अस्तर, पजामे, प्लास्टिकची चटई. काही झाकलं नाही. "कॅन्सर गेला, रिपोर्ट हाय संग. पन हे दुखनं जिंदगीभर राहीन. घरात असा मानूस हाय, हे ठाव असून पोरगी करत असान तं करा. नाई म्हन्लं तरी मी राग नाई धरनार. पन तुमची इज्जत मी काढली असं मनात ठेवू नका. तेवढ्यासाठी आलो."

कदीरभाईंनी हातातली कडी पेटीवर ठेवली. पत्रे ठोकून राठ झालेला माणूस, गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"तुमी लय येडे हा, रहीमभाई," ते शेवटी म्हणाले. "आमी महिनाभर गादीवाल्याले शिव्या देऊन राह्यलो. म्या तं ती गादी उलटीपालटी करून पाह्यली, का बा खोट कुठीसा हाय!" त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "गादी खराब झाली असती तं काय, फेकून देली असती. गादी काय मानसाहून मोठी हाय?"

"खोळ धुता येते," रहीमभाई म्हणाले. "पन रुई नाई धुता येत, कदीरभाई. रुई बदलाच लागते."

"मंग? गादीवाला समधी काहाले केला आमी?" कदीरभाई म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. हसता हसता रहीमभाईंना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

त्या दिवशी त्यांनी अकोल्यात खिचडी खाल्ली, समध्याच्या घरचं मीठ. गादीवर मात्र बसले नाहीत. "निकाहाच्या दिवशी बसतो," म्हणाले. "अन् थे गादी मी भरतो."

निकाहाची गादी त्यांनी मशीनवर पिंजली नाही. माळ्यावरचं जुनं पिंजण काढलं, त्याची तात, म्हणजे आतड्याची दोरी, नवी बसवली आणि घराच्या अंगणात बसून रुई हाताने पिंजली. तो टणत्कार मोहल्ल्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. लोक येऊन उभे राहिले. अनीसाने पांढरी खोळ शिवली. खोळीच्या आत बापाच्या बसायच्या जागी एक रबरी कापड घालू का, असं तिने विचारलं. रहीमभाईंनी विचार केला आणि "घाल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "काढ. नुसती रुईच राहू दे." मी बसीन तं नीट बसीन, असं काही ते बोलले नाहीत, पण अनीसाला समजलं.

निकाह दुपारचा. वरात अकोल्याहून निघाली ती वऱ्हाडी वरातच, वेळेवर आली असती तर नवल. ती येईपर्यंत रहीमभाईंच्या गोळीचा, जेवणाचा सगळा हिशेब चुकला. ऊन कललं. मांडवात गादीवर काझीसाहेब बसले, नवरदेव बसला, कदीरभाई बसले, आणि सगळ्यांच्या देखत रहीमभाईंनी खाली वाकून पंजाने गादी एकदा दाबली आणि तिच्यावर बसले. मांडवातल्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. फक्त आतल्या पडद्याआडून बघणाऱ्या हमिदाने पदर तोंडात धरला.

काझीसाहेबांनी रजिस्टर उघडलं. आणि नेमकी तेव्हाच कळ आली.

रहीमभाईंनी आतून आवळून धरलं. दोरा ओढून धरल्यासारखं. ती पहिली कळ गेली. पण दुसरी येणार हे त्यांना ठाऊक होतं. अकोल्याच्या त्या बैठकीतले रहीमभाई असते तर मांडवातून पळाले असते आणि परत आले नसते. आताच्या रहीमभाईंनी शेजारी बसलेल्या कदीरभाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. कदीरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि समजले.

"काझीसाहब, जरा रुका," कदीरभाई मोठ्याने म्हणाले. "पोरीचे अब्बा वुजू करून येऊन राह्यले."

मागून कुणीतरी कुरकुरलं, "आता काय नवीन? जेवनं थंडी होऊन राह्यली."

"होऊ दे थंडी," कदीरभाई मागे न बघता म्हणाले. "पोरीचा बाप गादीवर बसल्याबिगर निकाह होत नसते आमच्यात."

अशी काही रीत कुठेच नाही, हे काझीसाहेबांना चांगलं माहीत होतं. त्यांनी रजिस्टर मिटलं, टोपी नीट केली आणि पंख्याखाली सरकून बसले.

रहीमभाई सावकाश उठले, सावकाश चालत गेले. धावले नाहीत. आत कोपऱ्यात जादा पजाम्याची पिशवी ठेवलेली होती, पण ती उघडायची वेळ आली नाही. वुजू करून, हातपाय-तोंड धुऊन, ओल्या हातांनी ते परत आले तेव्हा सगळा मांडव तसाच बसून होता. कुणी गप्पा मारत होतं, कुणी वारा घेत होतं. त्यांची जागा रिकामी होती. ते बसले.

निकाह पढला गेला. अनीसाची रजामंदी आली, शाकीबने तीनदा कबूल म्हटलं, दुआ झाली, मांडवभर खारका उधळल्या. पोरं खारकांवर तुटून पडली. कदीरभाईंनी उठून दोन्ही हात पसरले, "मुबारक हो, समधीसाहब!" रहीमभाईही उठले. पत्रे ठोकणाऱ्या राठ हातांनी त्यांना असं काही आवळलं की श्वास कोंडला.

मिठीतून सुटल्यावर रहीमभाईंनी मागे वळून पाहिलं. तीन वर्षांची सवय, कुठूनही उठले की आधी मागे बघायचं. पांढरी खोळ कोरी होती. मधोमध त्यांच्या बसण्याचा खोलगट खड्डा पडला होता, आणि हाताने पिंजलेली रुई तो हळूहळू भरून काढत होती.

ते तो पूर्ण भरेपर्यंत बघत उभे राहिले.